हात लावून बघायच्या विज्ञान संग्रहालयात पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा आलेले आईबाबा मला लांबूनच ओळखू यायचे. मूल पुढे धावत असायचं आणि मागून हाक यायची, "अरे, हात लावू नकोस, मोडेल!" मग आम्हा स्वयंसेवकांपैकी कुणीतरी पुढे होऊन सांगायचं, "लावू दे हो. इथलं सगळं हात लावायलाच ठेवलंय." मूल खूश व्हायचं. आईबाबा मात्र पुढची दहा मिनिटं तरी अवघडलेले असायचे. हात पाठीमागे धरून संग्रहालय बघायची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की मोकळीक मिळाली तरी हात चटकन पुढे होत नाहीत.

मी काही वर्षं सुट्टीच्या दिवशी अशाच एका विज्ञान केंद्रात प्रयोगांपाशी उभी राहायचे. नंतर स्वतःच्या मुलीला आणि भाचरांना घेऊन अशा बऱ्याच ठिकाणी गेले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. तिथे जाऊन तीनच प्रयोग मन लावून केले तरी दिवस सत्कारणी लागतो, आणि सगळ्या दालनांतली सगळी बटणं दाबून आलं तर मुलाच्या पदरात फारसं काही पडत नाही. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

पायरी १: ही जागा कसली आहे, ते आधी समजून घ्या

जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात वस्तू मोलाची असते, म्हणून ती काचेआड राहते. इथे दांडे फिरवून, दोर ओढून, झडपा उघडून वस्तू झिजवायच्याच असतात. एखादा दांडा गुळगुळीत झालेला दिसला तर तो प्रयोग मुलांना आवडतो, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना बरीच जुनी आहे. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत अभियंत्याने १९०३ साली म्युनिकमध्ये डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. यंत्रं नुसती मांडून न ठेवता लोकांना ती चालवून बघता यावीत, असा त्यांचा आग्रह होता. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये १९३१ साली खास मुलांचं दालन सुरू झालं. पॅरिसमध्ये १९३७ साली भौतिकशास्त्रज्ञ झाँ पेराँ यांच्या पुढाकाराने जे विज्ञान संग्रहालय उघडलं, तिथे लोकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले जात.

आज जगभर जी हाताळण्याची विज्ञान केंद्रं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांवर मात्र सान फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमची छाप आहे. ते १९६९ साली फ्रँक ओपनहायमर यांनी सुरू केलं. अणुबॉम्बच्या प्रकल्पामुळे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय मतांपायी त्यांना विद्यापीठाची नोकरी गमवावी लागली, मग त्यांनी कोलोरॅडोत काही वर्षं गुरं पाळली आणि नंतर तिथल्याच एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असं ते म्हणत. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, कारण मूल आपलं आपण शिकू शकतं यावर त्यांनी अख्खी इमारत उभी केली.

तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. इथे कुठूनही सुरुवात केली तरी चालते, धड्यांसारखा क्रम नसतो. आणि बाहेर पडताना मुलाला काय "आलं" हे कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

पायरी २: निघण्याआधी

आदल्या दिवशी एक फोन करा किंवा संकेतस्थळ बघा. तीन गोष्टी विचारायच्या: कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का, तारांगणाच्या किंवा प्रयोग दाखवण्याच्या कार्यक्रमांच्या वेळा काय आहेत, आणि शाळांच्या सहली कधी येतात. तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाच-सहा वर्गांची मुलं एकाच वेळी आत असली की प्रत्येक प्रयोगापाशी रांग लागते, आणि मागे रांग असताना कुणाच्याही मनासारखं काही करून होत नाही. शाळेच्या दिवशी सहली बहुधा सकाळी येतात, तेव्हा दुपारनंतर जावं. सुट्टीच्या दिवशी दार उघडताच आत शिरावं.

कपडे वाकता, चढता, लोळता येईल असे हवेत. बूट बंद असलेले. लांब केस बांधलेले, गळ्यात लोंबणारं काही नको. बरोबर एक छोटी वही आणि पेन्सिल घ्या. वही मुलाच्या हातात द्यायची, आपल्या नाही.

तिथे काय काय आहे याचे व्हिडिओ आधी दाखवू नका. मुलाने आदल्या रात्री पडद्यावर केस उभे राहिलेले बघितले असले, की दुसऱ्या दिवशी ते फक्त आपले केस तसेच उभे राहतात का, एवढंच तपासतं.

मुलं किती न्यावीत? एका मोठ्या माणसामागे दोन, फार तर तीन. पाच वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकत्र असेल तर दोन मोठी माणसं हवीत, कारण त्या दोघांचे वेग जुळत नाहीत.

पायरी ३: पहिला अर्धा तास सोडून द्या

आत शिरल्याबरोबर मूल पळत सुटेल. एक दांडा अर्धवट फिरवेल, तिथून उडी मारून दुसरीकडे जाईल, बटण दाबेल आणि दिवा लागायच्या आत तिसरीकडे पोचेल. नवीन माणसाला वाटतं, हे काहीच बघत नाहीये. त्याला पळू द्या. ते दालनाचा अंदाज घेत असतं. तुम्ही मागे मागे चालत एवढंच लक्षात ठेवा, की ते कुठल्या प्रयोगापाशी दुसऱ्यांदा परत आलं. तीच तुमची खूण. मूल जिथे आपणहून परत येतं, तिथे त्याला काहीतरी टोचलेलं असतं.

पायरी ४: तीन प्रयोग निवडा आणि तिथे बसकण मारा

पळापळ ओसरली, की वहीत तीन नावं लिहायला सांगा. निवड मुलाची. एखादं तुम्हाला अगदी फालतू वाटेल, तरी राहू द्या.

आता एका प्रयोगापाशी बसणं म्हणजे काय, ते एका मुलाच्या उदाहरणाने सांगते. आमच्याकडे तांब्याची एक उभी नळी होती, साधारण मीटरभर लांबीची. शेजारी ताटलीत दोन तुकडे: एक साधा लोखंडाचा, एक त्याच आकाराचं जबरदस्त चुंबक. लोखंडाचा तुकडा वरून सोडला की अर्ध्या सेकंदाच्या आत खाली टपकन पडायचा. चुंबक सोडलं की ते नळीतून आरामात, तरंगत असल्यासारखं उतरायचं. बहुतेक मुलं एकदा बघून "ए भारी!" म्हणायची आणि पुढे जायची.

एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा मात्र थांबला. आधी त्याने चुंबक नळीला बाहेरून लावून बघितलं. चिकटलं नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने नळीत वरून डोळा लावला आणि चुंबक सोडलं. उतरणारं चुंबक नळीच्या बाजूंना घासत नव्हतं, मधूनच चाललं होतं. मला म्हणाला, "घासत पण नाही, चिकटत पण नाही, मग अडतंय कशाला?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "हवा असेल." मग त्याचं त्यालाच सुचलं, की हवेने अडलं असतं तर लोखंडाचा तुकडाही अडला असता. शेजारच्या खणात तेवढ्याच जाडीची प्लॅस्टिकची नळी होती. तिच्यातून चुंबक सरळ खाली पडलं. म्हणजे कारण तांब्यात होतं. मग त्याला उभी चीर पाडलेली तांब्याची नळी दिसली. तिच्यातून चुंबक हळूच उतरलं, पण अखंड नळीपेक्षा लवकर. हे बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग चिरेवरून बोट फिरवत म्हणाला, "काहीतरी नळीच्या भोवती फिरत असणार. चिरेपाशी त्याला वाट मिळत नाही."

त्याला चाळीस मिनिटं लागली. सरकणाऱ्या चुंबकामुळे धातूत गोल गोल विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि ते प्रवाह त्याच चुंबकाला मागे रेटतात. चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण होते हे फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलं, आणि ती वीज नेहमी आपल्या कारणालाच विरोध करते हा नियम लेन्झ यांनी १८३४ साली मांडला. यातलं एकही नाव त्या मुलाला ठाऊक नव्हतं. पण वाहत्या प्रवाहाचा अंदाज त्याने बोटाने चाचपून बांधला होता. नंतर त्याने फलक वाचला तेव्हा तो दोनदा मान डोलावत होता. ते बघणं हा माझ्या त्या सगळ्या कामातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता.

त्याने जे केलं, तीच रीत कुठल्याही प्रयोगाला लावता येते. आधी अंदाज बोलून दाखवायचा, मग करून बघायचं. अंदाज चुकला तर एकच गोष्ट बदलायची, नळी तरी किंवा तुकडा तरी, आणि पुन्हा बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एवढा एक नियम मुलाला सांगितला तरी पुरे.

पायरी ५: फलक शेवटी वाचा, आणि आपण कमी बोला

ही पायरी मोठ्यांसाठी आहे आणि सगळ्यात अवघड हीच आहे.

रंगीत सावल्यांची एक भिंत असते. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे पांढऱ्या भिंतीवर पडतात, आणि तिघांचा मिळून उजेड पांढरा दिसतो. मध्ये हात धरला की भिंतीवर तीन सावल्या पडतात, त्याही रंगीत: एक आकाशी, एक किरमिजी, एक पिवळी. माझी मुलगी सात वर्षांची असताना मी तिला तिथे नेलं आणि तिने हात वर करायच्या आधीच फलक मोठ्याने वाचायला लागले. "बघ, तांबडा उजेड अडला की उरलेला हिरवा आणि निळा मिळून आकाशी दिसतो." ती म्हणाली, "बरं." आणि निघून गेली. मी तिच्या हातातलं कोडं सोडवून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं, तिने करायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी माझी भाची त्याच भिंतीपाशी आली, तेव्हा मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. ती म्हणाली, "मावशी, सावली तर काळी असते ना?" मी म्हटलं, "इथे काळी कुठे सापडते का बघ." दोन्ही हात, मग दप्तर, मग स्वतः पूर्ण भिंतीजवळ. भिंतीच्या अगदी जवळ गेल्यावर तिन्ही सावल्या एकमेकींवर आल्या आणि मधला भाग काळा झाला. "मिळाली!" म्हणून ती अशी ओरडली, की शेजारच्या दालनातली माणसं वळून बघायला लागली. मग एकेक दिवा हाताने झाकून कुठली सावली नाहीशी होते, ते तिने आपणहून तपासलं.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी करू द्या, मग काय झालं ते मुलाच्या शब्दांत ऐका, पुन्हा करू द्या, आणि फलक सगळ्यात शेवटी. विचारायचेच असतील तर "काय दिसलं?", "आता हे बदललं तर काय होईल?", "मघाच्यापेक्षा वेगळं काय झालं?" असे प्रश्न बरे. "असं का होतं, सांग बघू" हा प्रश्न मुलाला लगेच परीक्षेच्या बाकावर नेऊन बसवतो. आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, चल बघू" असं खुशाल म्हणा. मोठ्या माणसाला माहीत नाही आणि तरी त्याला त्याची लाज वाटत नाही, हे मुलांनी क्वचितच बघितलेलं असतं.

जवळपास केंद्राची माणसं असतील, बहुधा अंगात ठरावीक रंगाचा शर्ट घातलेली. त्यांना जरूर गाठा. बऱ्याच केंद्रांत ही कॉलेजची किंवा शाळेच्या वरच्या वर्गांतली मुलं असतात. एक्स्प्लोरेटोरियमने सुरुवातीपासूनच शाळकरी मुलांना या कामाला घेतलं. लहान मुलं त्यांच्याशी आपल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात. फक्त त्यांना "हे समजावून सांगा" म्हणण्याऐवजी "यात अजून काय करून बघता येईल?" असं विचारा. आमचे चेहरे त्या प्रश्नाने खुलायचे.

पायरी ६: काही प्रयोग, ज्यांना वेळ द्यावाच

सगळीकडे सगळं नसतं, पण पुढच्यातलं काहीतरी तुमच्या केंद्रात नक्की सापडेल.

फुकोचा लंबक. उंच छतापासून लोंबणारा लांब तारेचा जड गोळा. १८५१ साली लेऑं फुको यांनी पॅरिसच्या पँथेऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून लोकांना पृथ्वीचं फिरणं दाखवलं. नवे लोक इथे एक मिनिट थांबतात, गोळा नुसता मागेपुढे होताना दिसतो, आणि निघून जातात. असं करू नका. आल्या आल्या इथे या, गोळा कुठल्या रेषेत झुलतोय ते वहीत बाणाने काढा, वेळ लिहा आणि जा. तासाभराने परत या. रेष सरकलेली असेल. झोका आपल्या रेषेत कायम असतो, खालची जमीन पृथ्वीबरोबर वळलेली असते. किती वळते ते जागेवर अवलंबून असतं: ध्रुवावर दिवसाला एक पूर्ण फेरा, विषुववृत्तावर काहीच नाही, आणि ३० अंश अक्षांशावर तासाला साडेसात अंश, म्हणजे पूर्ण फेऱ्याला दोन दिवस. दिवसभरात तीन बाण काढले, की पृथ्वी फिरल्याची खूण मुलाने स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलेली असते.

कप्प्यांच्या खुर्च्या. खुर्चीत बसून आपणच दोर ओढून आपल्याला वर उचलायचं. एका खुर्चीला कप्प्या कमी, दुसरीला जास्त. ज्या खुर्चीत दोर जड लागतो तिथून सुरुवात करावी. मग आपलं ओझं उचलणारे दोर किती आहेत ते मोजायला लावा, हातात धरलेला दोरही त्यात धरायचा. चार दोर असतील तर घर्षण सोडून वजनाच्या पाव हिश्श्याएवढाच जोर पुरतो, पण एक फूट वर जायला चार फूट दोर हातातून सरकवावा लागतो. हे मुलांच्या दंडांना आधी कळतं. माझा भाचा हाताला फोड येईपर्यंत ओढत होता आणि खाली उतरून म्हणाला, "सोपं आहे पण संपतच नाही." कप्पीबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

समोरासमोरच्या दोन मोठ्या थाळ्या. एका थाळीच्या पुढ्यातल्या कड्यात कुजबुजलं की लांबच्या थाळीपाशी स्पष्ट ऐकू येतं. इथे कान कड्यापासून हातभर बाजूला नेऊन बघा. आवाज गायब होतो. मग पुन्हा जागेवर आणा. लाजाळू मुलांसाठी ही जागा फार चांगली.

थंड-गरम नळ्यांची जाळी मिळाली तर सोडू नका. एक नळी कोमट, एक गार, अशा आळीपाळीने लावलेल्या. एकेकीला हात लावला तर काहीच विशेष नाही, पण पूर्ण तळवा टेकवला की भाजल्यासारखं होतं आणि हात झटकन मागे येतो. हा भास थुनबेरी या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने १८९६ साली नोंदवला. त्याने कुठलीही इजा होत नाही. मुलाला आधी एकेक नळी चाचपू द्या, नाहीतर गंमत आणि विश्वास दोन्ही जातं.

केस उभे करणारा धातूचा मोठा गोळा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचं नाव व्हॅन डी ग्राफ जनित्र. व्होल्टेज लाखांच्या घरातलं, पण साठलेला विद्युतभार अगदी थोडा, म्हणून केंद्राच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे केलं तर धोका नसतो. हवेत दमटपणा असेल त्या दिवशी केस नीट उभे राहत नाहीत. त्या दिवशी रांगेत अर्धा तास घालवू नका.

पायरी ७: तंत्रज्ञानाचं दालन

इथे दोन प्रकारची मांडणी असते. एक पडद्यांची: बोट लावा, चित्र हलतं. ती भराभर ओलांडली तरी चालेल. दुसरी उघड्या यंत्रांची: कापून आतलं दाखवलेलं इंजिन, दातेरी चाकं, कुलपाच्या आतल्या खिट्ट्या, जुना टेलिफोन. इथे हळू चला. दातेरी चाकांपाशी दाते मोजायला सांगा. दहा दात्यांचं चाक चाळीस दात्यांच्या चाकाला लावलं असेल तर छोटं चार वेळा फिरल्यावर मोठं एकदा फिरतं, आणि मोठ्याला बोटाने अडवणं किती कठीण होतं ते हाताला लगेच जाणवतं. सायकलचे गिअर चालवणाऱ्या मुलाला यातलं बरंच आधीच माहीत असतं, फक्त त्याला ते माहीत आहे हे माहीत नसतं.

खोलून-जोडण्याची कार्यशाळा असेल, जिथे मुलांना पेचकस देऊन जुनी उपकरणं उघडू देतात, तर बाकी सगळं सोडून तिथे नाव नोंदवा. जागा कमी असतात आणि लवकर भरतात.

पायरी ८: प्रयोग बंद असेल तेव्हा

बंद पडलेले प्रयोग सापडणारच. हजारो हात रोज लागतात म्हटल्यावर काहीतरी सैल होतं, काहीतरी तुटतं. एका केंद्रात आम्ही ज्याच्यासाठी मुद्दाम लांबून गेलो होतो तो धुक्याच्या भोवऱ्याचा प्रयोगच बंद होता, आणि कुठे पाटीही नव्हती. भाचा रडवेला झाला. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो आणि खालच्या जाळीतून आत डोकावलो: पंखा दिसला, पाण्याचं तबक दिसलं, धुकं करणारी छोटी चकती दिसली. चालू असता तर आम्ही फक्त वरचा भोवरा बघितला असता. बंद प्रयोगापाशी "हा चालू असेल तेव्हा काय होत असेल?" हा खेळ जरूर खेळा. आणि निघताना स्वागतकक्षात नक्की सांगा, कुठल्या दालनातला कुठला प्रयोग ते नीट नाव घेऊन. कुणी सांगितल्याशिवाय दुरुस्तीवाल्यांना कळायला वेळ लागतो.

पायरी ९: जपण्याच्या गोष्टी

पेसमेकर किंवा कानात बसवलेलं श्रवणयंत्र असलेल्यांनी मोठ्या चुंबकांपासून आणि त्या केस उभे करणाऱ्या गोळ्यापासून लांब राहावं. आकडी येणाऱ्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या खोलीत शिरू नये, बाहेर पाटी असते, ती वाचा. शक्तिशाली चुंबकांमध्ये बोट चेमटतं, लहानांना एकटं सोडू नका. आवाजाने गांगरणारं मूल असेल तर शांत वेळ कुठली ते आधी विचारा. काही केंद्रं अशा मुलांसाठी दिवे आणि आवाज कमी ठेवून वेगळी वेळ राखून ठेवतात.

पायरी १०: दमायच्या आत निघा

दोन ते अडीच तास पुरे. त्यानंतर मुलं बटणं दाबतात, बघत नाहीत. राहिलेली दालनं राहू द्या.

घरी पोचल्यावर निबंध लिहायला लावू नका. दुसऱ्या दिवशी एक दोरा आणि एक जड नट घ्या, दाराच्या चौकटीला टांगा. टांगलेल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर लांबी ठेवा आणि दहा झोके मोजा: साधारण दहा सेकंद. मग लांबी एक मीटर करा. मुलाला आधी अंदाज बोलायला सांगा. लांबी चौपट झाली म्हणून बहुतेक मुलं चाळीस सेकंद म्हणतात. घड्याळ लावून मोजू द्या. वीस येतील. मग नट बदलून बघायची कल्पना मुलाला सुचेपर्यंत थांबा, घाई करू नका.

वही जपून ठेवा. पुढच्या वेळी निघताना ती दप्तरात टाका, आणि आत शिरल्यावर लंबकाचे बाण काढलेल्या पानाच्या पुढच्या पानापासून सुरुवात करू द्या.